टिंब नसलेले नंबर

या धाग्यावरचे अनुभव मी दोन वर्षं वाचतो आहे आणि बहुतेक वेळा हसतो, हे आधीच सांगून टाकतो. कसारा घाटातल्या पांढऱ्या साडीवाल्या बाईनं आजवर इतक्या जणांकडे लिफ्ट मागितली आहे की तिला आता कुणीतरी बसचा पास काढून द्यावा. ती नेहमी कुणाच्या तरी मित्राच्या मावसभावाला दिसते. लिहिणाऱ्याला स्वतःला कधीच नाही.

आमच्या घरात असल्या गोष्टींना थारा नव्हता. बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावलेल्या. लहानपणी मी एकदा पिंपळाखालून जायला घाबरलो, तर अप्पांनी – म्हणजे वडिलांनी – मला त्याच पिंपळाखाली बसवून तीसपर्यंत पाढे म्हणायला लावले. भूत आलं नाही. सतराचा पाढा मात्र कायमचा पाठ झाला.

तेव्हा पुढं जे लिहितो आहे त्यात कुणी दिसत नाही, कुणी हाक मारत नाही. फक्त आकडे आहेत. ज्यांना थरार हवा असेल त्यांनी सरळ पुढचा प्रतिसाद वाचावा. हे एवढंसं लिहायला मला चार महिने लागले, कारण दर वेळी लिहिताना आपण त्या मावसभावाच्याच जातीचे झालो असं वाटून वही मिटत होतो.

आम्ही राहायचो नाशिकरोडला, सिन्नर फाट्याच्या बाजूला, रुळांना लागून असलेल्या एका कॉलनीत. दुसरा मजला. गॅलरीखाली कंपाउंडची भिंत, भिंतीपलीकडे चार बाभळी आणि मग रूळ. लांबवर एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या. अप्पा तिथंच कोळशाच्या यार्डात कारकून होते. आलेल्या गाडीच्या वाघिणींचे, म्हणजे मालडब्यांचे, नंबर लिहून घ्यायचे हे त्यांचं काम. वाघिणींवरून त्यांची नजर इंजिनावर कधी गेली कोण जाणे, पण मला कळायला लागलं तेव्हा घरात इंजिनांच्या नंबरांनी भरलेल्या बारा-पंधरा वह्या होत्या.

असले लोक आणखीही होते, हे मला आठ-नऊ वर्षांचा असताना समजलं. दर रविवारी सकाळी नाशिकरोडच्या प्लॅटफॉर्मच्या अगदी टोकाला, पाण्याच्या टाकीजवळ, दहा-बारा बाप्ये वह्या घेऊन उभे असायचे. कुणी मास्तर, कुणी टपाल खात्यातला, एक दाताचा डॉक्टर. इंजिन आलं की सगळे एकदम गप्प होत, देवाच्या मूर्तीपुढचा पडदा सरकावा तसे. इंजिन गेलं की भांडायला सुरुवात. हॉर्न नवा होता की जुनाच होता... पुढचा दिवा बदललाय की नुसता पुसलाय... यावर दोन शिकलेली माणसं आठ-आठ दिवस एकमेकांशी बोलायची नाहीत. मी तिथं बाकावर पुस्तक वाचत बसायचो आणि मनात म्हणायचो, ज्यांना आयुष्यात स्वतःचा एक नंबर लागला नाही ते दुसऱ्याचे लिहून घेतात.

या मंडळींचे म्होरके निकुंभ. बँकेत अधिकारी, राहायला देवळाली. त्यांनी नियम केलेले होते, आणि ते माझ्या गोष्टीला लागणार आहेत म्हणून सांगतो.

नंबर स्वतःच्या डोळ्यांनी वाचला असेल तर त्याच्या डावीकडे समासात एक टिंब द्यायचं. दुसऱ्यानं सांगितलेला नंबर लिहिला तरी चालेल, पण टिंब द्यायचं नाही. वर्षातून एकदा सगळ्यांच्या वह्या समोरासमोर ठेवायच्या, त्याला ते ‘मेळ’ म्हणत. इगतपुरीच्या पुढं मुंबईकडे तेव्हा वीज वेगळी होती, त्यामुळे मालगाड्यांची इंजिनं इगतपुरीला सुटायची आणि उलटी मनमाडकडे यायची. म्हणजे मनमाडच्या माणसानं दुपारी पाहिलेलं इंजिन दोन तासांनी नाशिकरोडला आणि त्यानंतर इगतपुरीला दिसायलाच हवं. तिन्ही वह्यांत ते सापडलं की मेळ बसला. एखाद्याच्या वहीत खोटा नंबर सापडला, तर फक्त तो नंबर नाही, त्या माणसाच्या आजवरच्या सगळ्या नोंदी मेळाच्या मोठ्या रजिस्टरातून लाल पेन्सिलीनं खोडायच्या. एका विमा एजंटाच्या चौदा वर्षांच्या नोंदी अशा खोडल्या गेल्या होत्या. तो माणूस नंतर नाशिकरोड स्टेशनच टाळायचा, मुंबईला जायचं तर देवळालीहून गाडी पकडायचा. हे ऐकून मी पोट धरून हसलो होतो. अप्पा हसले नव्हते.

अप्पा रिटायर झाले आणि दोन वर्षांत काचबिंदूनं त्यांची नजर गेली. अठ्ठ्याण्णवची गोष्ट. पहिला डोळा गेला तेव्हा ते उरलेल्या डोळ्यानं नंबर वाचत राहिले. दुसरा गेला तेव्हा म्हणाले, “आता वही कशी लिहायची?”

त्यांनी स्वतःच तोड काढली. मला एक जाड पुठ्ठा आणायला लावला, त्यात ओळीच्या उंचीची खाच कापून घेतली. पुठ्ठा वहीवर ठेवायचा, खाचेत लिहायचं, झालं की एक बोट खाली सरकवायचा. अक्षर आधीपेक्षा बरं येऊ लागलं. वेळ ते स्वतः सांगायचे, काच काढलेल्या घड्याळाचे काटे चाचपून. इंजिनाची जातही स्वतः सांगायचे, आवाजावरून. त्या जातीनुसार नंबराचे पहिले दोन आकडे ठरलेले असतात. उरलेले तीन आकडे फक्त डोळ्यांनीच कळणार. ते डोळे माझे.

ते निकुंभांकडे विचारायला गेले होते, मीच रिक्षानं नेलं होतं. मुलानं वाचलेला नंबर मेळाला चालेल का? निकुंभ म्हणाले, “गांगुर्डे, तुम्हाला नियम माहीत आहेत. टिंब नाही तर मेळ नाही.” चहासुद्धा विचारला नाही. परतताना अप्पा रिक्षात म्हणाले, “बरोबर आहे त्याचं.” मला त्या दिवशी निकुंभांचा जितका राग आला त्याहून जास्त अप्पांचा आला. माणसानं किती छोट्या गोष्टीसाठी किती छोटं व्हावं!

पण वही थांबली नाही. मी कॉलेजच्या लायब्ररीत असिस्टंट होतो. पाचला घरी यायचो, चहा घेऊन गॅलरीच्या दारात वेताच्या खुर्चीत पुस्तक उघडायचो. शेजारी लोखंडी पलंगावर अप्पा, मांडीवर वही आणि पुठ्ठा. संध्याकाळपर्यंत तीन-चार मालगाड्या व्हायच्या, रविवारी जास्त.

पहिले काही दिवस मी उठलो, गॅलरीत गेलो, वाचलं. मग कंटाळा आला. वाक्याच्या मध्यावर उठायचं, बाभळीच्या फांद्यांतून एक मळकट आकडा हेरायचा, येऊन सांगायचा आणि आपण कुठल्या ओळीवर होतो ते शोधायचं... कशासाठी? जी वही कुणी वाचणार नाही, जिला त्यांच्याच टोळक्यानं नाकारलं, तिच्यासाठी? एका संध्याकाळी अप्पा म्हणाले, “सत्तावीस हजारवालं आहे. पुढं?” आणि मी खुर्चीतून न हलता समोर दिसला तो आकडा सांगितला. पानाचा नंबर.

“तीनशे अठरा.”

“तीन-एक-आठ,” अप्पा पुटपुटले आणि लिहिलं.

इतकं सोपं होतं ते. त्यानंतर जवळजवळ पाच वर्षं मी उठलो नाही. अप्पा म्हणायचे “पुढं?” आणि मी पान सांगायचो. मोठं पुस्तक असलं की आकडे आठवडाभर चढत जायचे, संपलं की परत धाडकन खाली. एकदा बरीच बारीक पुस्तकं लागोपाठ वाचली, तर अप्पा म्हणाले, “काय रे, परत सगळी जुनीच इंजिनं यायला लागली?” लहान नंबर म्हणजे जुनं इंजिन. मी म्हटलं, “हो ना, नवी तिकडं लावली असतील.” मनात हसलो. वाईट वाटलं असेल असं तुम्हाला वाटत असेल, तर नाही वाटलं. मला त्यात एक प्रकारची गंमत वाटायची, की बापाची रेल्वे माझ्या पुस्तकांवर चालते आहे.

हे एकाच माणसाला माहीत होतं. आत्याला. अप्पांची थोरली बहीण, वणीकडची, नवरा गेल्यावर आमच्याकडेच राहायला आलेली. ती स्वयंपाकघराच्या दारातून सगळं पाहायची. एकदा मला ओट्याशी गाठून हळू आवाजात म्हणाली, “आरं मुडद्या, मान तरी वर करीत जा. आंधळ्याला फसवतो?”

“आत्या, काय फरक पडतो? कोण वाचणार आहे?”

“तुला नाय पडत. त्याला पडतो ना.”

“त्यांना कळलं तर पडेल.”

“लय शिकला बाबा तू,” असं म्हणून तिनं कणकेवर जो राग काढला, तो त्या दिवशीच्या पोळ्यांत कळत होता. ती अप्पांना मात्र कधी बोलली नाही. फक्त अधूनमधून माझ्या खुर्चीवर घसरायची. “ही खुर्ची बदला बया आता. बसताना कोकलती, उठताना कोकलती, शेजारच्यांना पण कळतं कोण उठलं ते.”

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात अप्पांचं पोट बिघडलं आणि बिघडतच गेलं. एका रविवारी दुपारी साडेचारच्या सुमाराला मी नेहमीसारखा वाचत होतो. मनमाडकडून मालगाडी आली आणि सिग्नल न मिळाल्यामुळे अगदी आमच्या समोर थांबली. अप्पांना उठून बसवतही नव्हतं. त्यांनी पडल्यापडल्या पुठ्ठा वहीवर लावला, घड्याळ चाचपलं, वेळ लिहिली, जात लिहिली. “सत्तावीस हजारवालं. पुढं?” हा प्रश्न त्यांनी रोजच्याच आवाजात विचारला, पण पेन धरलेल्या हाताचं मनगट त्यांनी दुसऱ्या हातानं धरून ठेवलं होतं.

मला एकदम स्वतःची किळस आली. दुसरा शब्द नाही. मी खूण म्हणून तिकीट घालून पुस्तक मिटलं, उठलो, गॅलरीत गेलो. इंजिन बाभळींच्या बरोबर मधल्या फटीत उभं होतं. ऊन त्याच्या बाजूवर पडलेलं. मी कठड्याला धरून नंबर वाचला, मग कपाळावरचा वाचला, मग परत बाजूवरचा वाचला. आत येऊन एकेक आकडा सांगितला.

“दोन, सात, एक, नऊ, शून्य.”

अप्पांनी लिहिलं. पेनचं टोपण लावलं. थोड्या वेळानं म्हणाले, “आज उठलास.”

मी ऐकू न आल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी त्यांना दवाखान्यात हलवलं. तिथं शुद्धीत असताना ते एकच गोष्ट बोलले. “मिलिंद, वह्या मेळाला लागल्या पाहिजेत. बघ तेवढं. त्या निकुंभला म्हणावं, गांगुर्डे काही फुकट नाही बसला.” मी हो म्हटलं. चौथ्या दिवशी ते गेले.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला निकुंभ आले. सोबत शकीलभाई – मनमाडला रुळांजवळ त्यांचं टायरचं दुकान, पंक्चर काढता काढता नंबर लिहिणारा माणूस. वंदना झाली, माणसं पांगली, आणि हे दोघं मला कोपऱ्यात घेऊन उभे राहिले.

“नियम नियमाच्या जागी,” निकुंभ म्हणाले, “पण आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय. मुलाचे डोळे ते बापाचे डोळे. गांगुर्ड्यांच्या शेवटच्या पाच वर्षांच्या वह्या द्या. मेळाला लावतो.”

पाच वर्षं ज्या माणसाला साधं होय म्हणता आलं नाही, तो बाप मेल्यावर उदार झाला होता. मला त्यांच्या तोंडावर हसावंसं वाटलं, पण मग वह्यांत काय आहे ते आठवलं. त्या पाच वर्षांत खरे नंबर असतील पहिल्या महिन्यातले पाच-पन्नास, आणि शेवटचा एक. बाकी सगळी माझी पानं. पहिल्याच संध्याकाळी त्यांना कळणार होतं. मग नियमाप्रमाणे अप्पांच्या तीस वर्षांच्या नोंदी, ज्या त्यांनी उन्हातान्हात स्वतःच्या डोळ्यांनी वाचून लिहिल्या, त्या लाल पेन्सिलीखाली जाणार. त्या विमा एजंटाच्या किश्शावर ही माणसं अजून हसत होती. आता गांगुर्ड्यांवर हसली असती – आंधळ्यानं नंबर बनवले म्हणून.

“जाळून टाक,” आत्या म्हणाली. “बंब हाय ना.”

“त्यांनी मरताना सांगितलंय, आत्या.”

“मग दे. आन् तोंड लपवायला जागा बघून ठेव.”

मी दिल्या. सात वह्या, बाजाराच्या पिशवीत घालून. भित्रा माणूस कधीकधी निव्वळ नकार देता येत नाही म्हणून प्रामाणिक वागतो.

तीन आठवड्यांनी लायब्ररीत निकुंभांचा फोन आला. “रविवारी देवळालीला या जरा. फोनवर बोलण्यासारखं नाही.”

त्यांच्या जेवणाच्या टेबलावर वह्याच वह्या पसरल्या होत्या. इगतपुरीवाल्याच्या, शकीलभाईंच्या, मध्ये अप्पांच्या सात. मी बसलो. कबुली द्यायची की नाही याचा विचार मी देवळालीपर्यंत करत आलो होतो आणि काहीच ठरलं नव्हतं.

“भाईसाब,” शकीलभाईच आधी बोलले, “असा मेळ मी जिंदगीत नाही पाहिला.”

“म्हणजे?”

“म्हणजे एकेक नंबर बराबर! जो नंबर माझ्या वहीत, तोच तुमच्या अब्बांच्या वहीत. दोन घंट्यानं. तोच पुढं इगतपुरीला. आमची डोळेवाल्यांची पण मिस्टेक होते कधी कधी, धूळ असते, गाडी जोरात असते. यांची एक नाही.”

मला वाटलं चेष्टा चालली आहे. मी एक वही ओढली. अप्पांचं ते खाचेतलं सरळ अक्षर. नंबर मी सांगितले तेच होते. त्यांनी बदलले असतील, कुणाला विचारून दुरुस्त केले असतील, हे त्याच क्षणी संपलं. कारण आकडे पानांसारखेच चढत होते. एकशे बारा, एकशे तीस, एकशे चौपन्न... आणि परत खाली नऊ, एकवीस. एक जाडजूड इतिहासाचं पुस्तक मी चारशे बाराव्या पानावर संपवलं होतं, ते शेवटचं पान मी मुद्दाम सांगितलं होतं, मजा म्हणून. पुस्तक संपल्याची तारीख शेवटच्या पानावर पेन्सिलीनं टाकायची मला सवय आहे, म्हणून ती आठवत होती. सत्तावीस चारशे बारा. शकीलभाईंच्या वहीत त्याच तारखेला, दुपारी पावणेचार, सत्तावीस चारशे बारा.

एखादा जुळला असता तर मी योगायोग म्हणालो असतो. दहा जुळले असते तरी म्हणालो असतो. मी पानामागून पान उलटत होतो आणि समोरचे दोघं कौतुकानं माझ्याकडे पाहत होते.

“फक्त एकच घोटाळा आहे,” निकुंभ म्हणाले. “त्यासाठीच बोलावलं.”

त्यांनी शेवटची वही उघडली. शेवटचं पान, शेवटची ओळ.

“सत्तावीस एकशे नव्वद. हे शक्य नाही. शकील त्या रविवारी भुसावळच्या शेडमध्ये होता, परवानगी काढून. दुकानातली वही त्याच्या भावानं लिहिली. दाखव रे.”

शकीलभाईंनी फोटो पुढं केला. कोपऱ्यात कॅमेऱ्यानं छापलेली केशरी तारीख – त्याच रविवारची. शेडमध्ये एक इंजिन चाकं काढून ठोकळ्यांवर ठेवलेलं. बाजूवर नंबर स्वच्छ वाचता येत होता. दोन सात एक नऊ शून्य.

“त्या गाडीला त्या दिवशी दुसरंच इंजिन होतं,” निकुंभ म्हणाले. “सत्तावीस दोनशे सेहेचाळीस. मनमाडला तेच, इगतपुरीला तेच. आता, नियमानं खरं तर... पण शेवटचे दिवस होते, ग्लानी असेल. आम्ही एवढीच ओळ खोडतो, बाकी सगळं रजिस्टरात घेतो. तुमची सही लागेल.”

शकीलभाईंनी लाल पेन्सिल उचलली.

मी गप्प बसायला हवं होतं. अप्पांना हवं होतं ते सगळं मिळत होतं, माझं पाप झाकलं जात होतं. पण ती पेन्सिल त्या ओळीवर जाताना मला पाहवेना. पाच वर्षांत मी त्यांच्यासाठी एकदा उठलो होतो.

“ती नका खोडू,” मी म्हणालो. “ती एकच खरी आहे. बाकीचे नंबर मी पाहिलेच नाहीत. मी खुर्चीत बसून पुस्तकाचं पान सांगायचो.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“पान?” निकुंभ म्हणाले.

“जे पान उघडं असेल ते. पाच वर्षं.”

“आणि ते सगळे जुळले.”

“मला नाही माहीत कसे.”

“मिलिंदराव,” निकुंभांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, “वडील गेल्याचं दुःख आम्हाला समजतं. पण म्हणून मेळाची टिंगल नको. माणूस खोटं बोलतो, मेळ बोलत नाही.”

शकीलभाई मवाळपणे म्हणाले, “घरी जा, आराम करा. होतं असं.”

मी त्या टाकीजवळच्या माणसांकडे वीस-पंचवीस वर्षं ज्या नजरेनं पाहत आलो, नेमक्या त्याच नजरेनं ते दोघं माझ्याकडे पाहत होते. बिचारा. काय काय डोक्यात घेऊन बसलाय.

“बरं, मग हे काय आहे?” मी त्या ओळीच्या डावीकडे बोट ठेवलं. बोलताना माझ्या तेव्हाच लक्षात आलं होतं. समासात, नंबराच्या अगोदर, एक टिंब होतं. ठसठशीत, दोनदा गिरवलेलं.

मी मागची पानं उलटली. मग आधीची वही. मग त्याआधीची. टिंब नाही, टिंब नाही, कुठंच नाही. अप्पा स्वतः पाहू शकत नव्हते म्हणून टिंब देत नसणार, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. निकुंभही तेच धरून चालले असावेत. फक्त पहिल्या वहीत, सुरुवातीच्या पाच-सहा पानांवर, प्रत्येक नंबराला टिंब होतं. त्यांची नजर तेव्हाही गेलेलीच होती. त्या दिवसांत मी उठत होतो.

ज्या संध्याकाळी मी उठायचा थांबलो, त्या ओळीपासून टिंबं थांबली होती.

“हात टेकला असेल चुकून,” निकुंभ म्हणाले, आणि शकीलभाईंना मानेनं खूण केली. लाल रेघ पट्टी लावून मारली गेली. ती नंबरापासून सुरू झाली, त्यामुळे टिंब बाहेर राहिलं. मी सही केली.

घरी आलो तर आत्या दारातच होती. “काय म्हनले?”

“सगळे नंबर बरोबर आहेत म्हणाले.”

तिनं पदराला हात पुसले. मग म्हणाली, “आन् उठून वाचलेला त्यो?”

“तो सोडून.”

आत जाऊन तिनं चहाचं आधण ठेवलं.

त्या रविवारी मी मिटलेलं पुस्तक दवाखान्याच्या धावपळीत गॅलरीच्या दाराजवळच्या फळीवर तसंच राहिलं होतं. त्यावर धूळ साचली होती. त्याला कुणी हात लावला नव्हता, आत्याला वाचता येत नाही आणि घरात तिसरं कुणी नव्हतं. मी खुर्चीत बसलो, आणि तिकीट घातलेलं पान उघडलं.

दोनशे सेहेचाळीस.

मी उठलो नसतो, तर हाच नंबर सांगितला असता. आणि मेळ पूर्ण बसला असता.

याला सहा वर्षं झाली. माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही, आणि लोकांनी जी स्पष्टीकरणं दिली ती मला पटली नाहीत. एक जण म्हणाला मला आधीच कळत असणार, अंतर्मन वगैरे. मी करून पाहिलं आहे – डोळे मिटून पान सांगायचं आणि मग उठून बघायचं. एकदाही जुळलं नाही. तो रविवारचा नंबर मी तीनदा वाचला होता, दोन बाजूंनी, भर उन्हात. मी चुकलो नाही. फोटोही खोटा नाही. या दोन गोष्टी एकत्र कशा ठेवायच्या ते मला येत नाही, आणि आता मी त्या मावसभावाला हसतही नाही.

ते पुस्तक मी पुढं वाचलेलं नाही. खुर्चीही बदललेली नाही. गाडी आली की मी उठतो, ती करकरते, मी गॅलरीत जाऊन नंबर वाचतो आणि परत येऊन बसतो. विचारणारं कुणी नाही. पण अप्पांच्या सात वह्यांमध्ये जे मेळाला खरं ठरलं त्यातल्या जवळजवळ कशालाच त्यांनी टिंब दिलेलं नाही, आणि जे खोडलं गेलं त्याला दोनदा गिरवून दिलं आहे.